जीभ लावून पाहा

पटाशीचे दात हे नाव ठेवणाऱ्याने ते समोरून पाहिले असणार. गंमत मागच्या बाजूला असते. वरच्या मधल्या दोन दातांच्या पाठीवर जीभ फिरवा. दोन्ही कडांना उभे बांध आणि मध्ये खळगा लागला, तर ती पटाशी नव्हे, फावडं. चीन-जपानकडे आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत अशी फावडी सर्रास, युरोपात कमी. आता वरच्या पहिल्या दाढेवर या. टाळूकडच्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात जास्तीचा उंचवटा असेल तर तो काराबेलीचा, म्हणजे व्हिएन्नाच्या एका जुन्या दंतवैद्याच्या नावाचा. कुणाला नुसती खाच, कुणाला चांगलं टोक. अभ्यासक त्याला ० ते ७ प्रत लावतात. मात्र एवढ्यावरून माणसाचं मूळ सांगायला गेलात तर फसाल.

मृतदेहाची ओळख पटवताना खरी मदार दंतवैद्याकडच्या जुन्या फाईलवर असते. आगीत ओठ आक्रसतात, म्हणून समोरचे दात आधी जळतात. दाढा गालाआड बऱ्यापैकी टिकतात. जळलेला दात बोट लागताच भुरभुरतो, त्यामुळे देह हलवण्याआधी फोटो काढायचे आणि दातांवर फेविक्विकच्या जातीचा गोंद सोडायचा. मग एक्स-रे, शक्यतो जुन्याच कोनातून. कोन बदलला की त्याच फिलिंगचा आकार वेगळा दिसतो.

फाईलमध्ये दाढ आहे आणि जबड्यात नाही, हे चालतं. मधल्या काळात काढली असेल. पण फाईल म्हणते ४६, म्हणजे खालची उजवी पहिली दाढ, काढली आणि जबड्यात त्या जागी दाढ उभी? काढलेली दाढ काही परत उगवत नाही. तरी लगेच नकार लिहू नये. आधी डावं-उजवं पाहावं: पेशंट समोर बसला की त्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं, आणि घाईत ३६ चं, म्हणजे डावीकडच्या त्याच दाढेचं, ४६ होतं. दुसरं, लहानपणी ४६ काढली असेल तर मागची ४७ पुढे सरकून तिच्या जागी बसते. इथे आकार कामाला येतो. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा पाच उंचवटे, दुसरीला चार. मोजून घ्यावेत.

कातडीवरच्या चाव्याला हा हिशोब लावू नये. कातडी म्हणजे मेण नव्हे. ती ताणते, सुजते. अमेरिकेत ॲरिझोनात रे क्रोनला १९९२ मध्ये मुख्यतः चाव्याच्या खुणेवरून खुनासाठी दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याचे दात वेडेवाकडे होते, आणि तज्ज्ञाने ते जुळवून दाखवले होते. २००२ मध्ये डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला.