सकाळ जरा उशिरा व्हावी म्हणून

पहाटे सव्वापाच वाजता टक्क डोळे उघडून बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘अजून रात्र आहे, झोप’ असे सांगणे म्हणजे जेवून तृप्त झालेल्याला आणखी वाढत राहण्यासारखे आहे. त्याची झोप खरोखरच संपलेली असते, आपली मात्र संपलेली नसते, आणि घरातली सारी कुरकुर या दोहोंच्या मधल्या तास-दीड तासात साठलेली असते. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे ज्यांनी त्याच्याकडून कौतुकाने पाठ करून घेतले, तेच आता पांघरुणातून एक डोळा उघडून ‘इतक्या लवकर नव्हे रे बाबा’ म्हणतात.

सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे रात्री त्याला उशिरा झोपवणे. कागदावर हा हिशेब चोख आहे, पण शरीर कागदावर चालत नाही. 1729 मध्ये द मॅरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले, तरी दिवस उगवल्यावर त्याची पाने उघडत राहिली. म्हणजे वेळ सांगणारे घड्याळ रोपाच्या आतच होते. तसलेच एक आपल्या मेंदूतही असते, आणि एका रात्रीच्या जागरणाने ते फारसे हलत नाही. म्हणूनच दोन तास उशिरा झोपलेले मूल बहुधा ठरलेल्या वेळीच उठते. फरक इतकाच की त्या दिवशी ते दोन तास कमी झोपलेले आणि त्या प्रमाणात चिडचिडे असते.

हे घड्याळ सरकते, पण कलाकलाने. झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटांनी पुढे न्यावी, आणि तिच्याबरोबर जेवण, गोष्ट, दिवे मालवणे हे सारेच पुढे न्यावे, कारण पोट जुन्या वेळेवर आणि डोळे नव्या वेळेवर राहिले तर काही साधत नाही. सर्वांत मोठा अधिकार मात्र प्रकाशाचा असतो. सायंकाळचा उजेड शरीराची रात्र पुढे ढकलतो, तर पहाटेचा उजेड तिला अलीकडे ओढतो. तेव्हा मुलाने उन्हे कलेपर्यंत बाहेर खेळावे आणि खिडकीला मात्र जाड पडदा असावा, हे दोन्ही एकाच उपायाचे भाग आहेत. (याचा अर्थ रात्री त्याच्या हाती टॅब द्यावा असा कोणी काढू नये, त्याने झोप लागायलाच उशीर होतो.) गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात येऊन गेलेला असतो, त्यामुळे पहाटेची झोप पातळ असते आणि एरवी ऐकूही न येणारा कडीचा आवाज तेव्हा पुरेसा ठरतो.

इतके करूनही मूल पहाटेच उठत असेल तर ते कशासाठी उठते हे पाहावे. उठल्याबरोबर आईबाबांच्या झोपेवर पाणी पडू नये म्हणून त्याच्या हाती मोबाइल दिला जात असेल, तर त्याने लवकर उठणे अगदी शहाणपणाचेच आहे. त्याच्या जागी मीही उठलो असतो.

मुळात त्याला झोप कमी पडते आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 9 ते 12 तास झोप सुचवली आहे. रात्री आठला झोपून साडेपाचला उठणारे आणि दिवसभर हुंदडणारे मूल या हिशेबात बसते. ते घोरत असेल किंवा दिवसा पेंगत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पडदे नव्हे, डॉक्टर हवेत. एरवी अडचण त्याच्या झोपेची नसून आपल्या झोपेची आहे, हे मान्य केले की मागणीही माफक होते: त्याने झोपावे असे नाही, खोलीत शांतपणे पडून किंवा खेळत राहावे.

घड्याळ न कळणाऱ्या मुलासाठी ठरावीक वेळी रंग बदलणारा दिवा इथे फार उपयोगी पडतो. पहिले काही दिवस तो मूल एरवी उठते त्याच वेळेला लावावा, म्हणजे त्याला वाट पाहणे जमल्याचा आनंद मिळतो, आणि मग दिव्याची वेळ पाच-पाच मिनिटांनी पुढे न्यावी. आईशी जी घासाघीस रोज चालते ती दिव्याशी करता येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.