डोंगराचा फोटो काढायचा तर मे महिन्यात या

मी वाईत राहतो. माझे बरेचसे फोटो वाई, पाचगणी, महाबळेश्वर या बत्तीस-एक किलोमीटरच्या रस्त्यावरचे असतात. ते बघून लोक विचारतात, "आम्हीही गाडी घेऊन येतो. कुठल्या महिन्यात येऊ?" विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा ऑगस्ट असतो, फार तर कासची फुलं धरून सप्टेंबर. माझं उत्तर मे आहे. पहिला वळीव पडून गेल्यानंतरचा मे.

"उन्हाळ्यात तिथे बघायचं काय?" हा त्यावरचा ठरलेला प्रश्न. बघायचा तो डोंगर! पावसाळ्यात हिरवळ मिळते, धबधबे मिळतात, पण डोंगर सगळा असा क्वचितच दिसतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ढग आठवडा-आठवडा माथ्यावरून हलत नाहीत. पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात अशा धुक्यात कड्याचा फोटो निघत नाही, धुक्याचा निघतो. तोही सुंदर असतो, मीही काढतो. मात्र तुम्ही डोंगराबद्दल विचारलंत.

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यातले टणक थर उभे कडे होऊन राहिले, मधले ठिसूळ थर झिजले आणि त्यांचे पदर, म्हणजे कड्यांमधले उतरते टप्पे झाले. पावसाळ्यात हे सगळं गवताखाली जातं. मे महिन्यात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, उतारावरची कितीतरी झाडं अजून नीट पालवलेली नसतात, आणि पाचगणीच्या सिडनी पॉइंटवरून कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहिलं की समोरच्या डोंगराचे थर बोटाने मोजता येतात. काळा कडा, पिवळी पट्टी, पुन्हा काळा कडा. हीच रेषा खोऱ्याच्या या बाजूलाही जवळपास त्याच उंचीवर सापडते. लाव्हा एकच होता, मधली दरी पाण्याने नंतर कोरली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. इथे ते डोळ्यांना दिसतं. अशी फ्रेम मला दुसऱ्या कुठल्याच ऋतूत मिळत नाही.

मेची दुसरी मोठी देणगी म्हणजे सूर्याची जागा. हिवाळाभर सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे पाचगणीच्या डोंगराचे कृष्णेकडे तोंड असलेले उत्तरेचे कडे दिवसभर सावलीत राहतात. जानेवारीत त्यांचे फोटो निळसर आणि सपाट येतात. मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे सरकतो आणि जुलैअखेरपर्यंत दुपारी उत्तरेला असतो. मावळतानाही पश्चिमेच्या वीस-एक अंश उत्तरेला मावळतो. मग साडेपाच-पावणेसातच्या दरम्यान तेच कडे तिरप्या उन्हात येतात, आणि प्रत्येक भेग, प्रत्येक कपार आपापली सावली टाकते. जून-जुलैतही सूर्य तिथेच असतो, पण तेव्हा तो ढगांच्या वर. म्हणजे या भिंतींवर ऊन आणि मोकळी हवा एकत्र मिळण्याचे दिवस वर्षात थोडेच. ते गाठण्यासाठी मी घरची कामंसुद्धा पुढे ढकलतो.

आता वळीव का? मार्च-एप्रिलमध्ये हवेत धूळ असते, आणि वणव्यांचा धूर. गवत पुढच्या वर्षी जोमाने येतं या समजुतीने अजूनही डोंगर पेटवले जातात. जळतात ती झाडांची कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी, आणि पहिल्या पावसात उघडी माती धोम धरणाकडे वाहून जाते. काळा पडलेला उतार पाहून माझा कॅमेरा बाहेर काढायचा हात थांबत नाही, तोही फोटो मी काढतो आणि लोकांना दाखवतो. कुठे आग दिसली तर कृपा करून फोटोच्या आधी वनविभागाला फोन करा.

वळीव मात्र ही सगळी हवा धुऊन काढतो. तासभर कोसळतो, थांबतो, आणि मग पांडवगड, कमळगड इतके जवळ येतात की एरवी धुरकट दिसणाऱ्या कमळगडावरची झाडी वेगळी ओळखू येते. ओला बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक, कुळकुळीत काळा होतो, पाचगणीच्या टेबललँड पठाराचा जांभा तांबडा पेटतो, पूर्वेला ढगांचा डोंगर उभा असतो आणि पश्चिमेकडून ऊन येतं. हा खेळ अर्धा तास चालतो, कधी त्याहून कमी.

तयारी फार लागत नाही. वाइड अँगल लेन्स घरी ठेवलीत तरी चालेल. 70-200 मिलिमीटरची किंवा तशी लांबचं जवळ आणणारी लेन्स आणा, कारण थर आणि मागच्या रांगा एकमेकींजवळ तीच आणते. ओल्या खडकावरची चकाकी मारायला लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर हवा. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा ते, ढगांच्या उजेडाप्रमाणे धरा, कडा थोडा काळोखा आला तर येऊ द्या. मोबाइल असेल तरी दोन-तीन पट झूम करून बघा, आभाळ कमी करा.

वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात वळणावर गाडी थांबवू नका. घाट अरुंद आहे आणि उतरणाऱ्या एसटीला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. सिडनी पॉइंट, नाहीतर पाचगणीच्या पुढचा पारशी पॉइंट, दोन्हीकडे गाडी नीट लावता येते. विजा चमकत असतील तोवर टेबललँडवर जाऊ नका, उघड्या पठारावर उंच उभे असलेले फक्त तुम्हीच असता. गाडीत बसा, करवंदं खा, पाऊस थांबला की दोन मिनिटांत बाहेर पडा. शनिवार-रविवार टाळा, मेमध्ये पाचगणीच्या पुढे गाड्यांची रांग लागते आणि ते अर्ध्या तासाचं ऊन रांगेतच संपतं. मंगळवार-बुधवार उत्तम. दुपारी चारला वाईहून आभाळ बघा. महाबळेश्वरच्या बाजूला काळं झालं असेल तर लगेच निघा.