‘आतून बघा’ : आमच्या शिवणवर्गाचा वार्षिक मेळावा

संक्रांत झाली की आमच्या शिवणवर्गात नवीन काही बेतायला कुणी घेत नाही. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतला एक रविवार हा वर्ग चालवणाऱ्या आमच्या मंडळाच्या मेळाव्याचा असतो. तारीख फळ्यावर लिहिली गेली की काज राहिलेले ब्लाउज, अस्तर न लावलेल्या पिशव्या, अर्धवट टाके घातलेल्या गोधड्या असं सगळं एकदम पिशव्यांतून बाहेर येतं. चार मशिनी आणि पंधरा बायका. कुणाची वादी तुटते, कुणाची बॉबिन हरवते, आणि दोन आठवडे रोज दुपारी दोन ते सहा नुसता गोंधळ चालतो. मला हे दोन आठवडे मेळाव्याइतकेच आवडतात.

आमचं गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून गावात मागांचा खडखडाट आहे आणि कापडाला तोटा नाही. फेंटचे, म्हणजे ठाणातून उरलेल्या कापडाचे, तुकडे इथे किलोवर मिळतात. मंडळाकडे पैसा कधीच नव्हता, पण कापड कायम होतं, आणि आमचा वर्ग त्यावरच उभा राहिला. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, उशांचे अभ्रे, दाराची तोरणं, मुलांची दप्तरं. दोरा, सुया आणि मशीनचं तेल सोडलं तर वर्गासाठी विकत आणायची वेळ फारशी येत नाही.

मी या वर्गात पहिल्यांदा गेले त्याला तीस वर्षं झाली. थोरली मुलगी कडेवर होती. पुढे अकरा वर्षं मी मंडळाची चिटणीस होते. तेव्हा घरच्या कार्याबद्दल लिहावं तसंच मी हे लिहिणार, हे वाचणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं.

दीपप्रज्वलन, सावित्रीबाईंच्या फोटोला हार, स्वागतगीत, अहवालवाचन, पाहुण्यांचा सत्कार हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही होतं. पाहुण्यांच्या भाषणांतलं एकच माझ्या लक्षात राहिलंय. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी पुण्याच्या सेवासदनाची हकीकत सांगितली होती. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली ते सुरू केलं. तिथे येणाऱ्या बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणही शिकवलं जायचं, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी आमच्या बाई पहिल्या रांगेत ताठ बसून ऐकत होत्या, ते मला अजून दिसतं.

बाई म्हणजे आमच्या शिवणाच्या बाई. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. वर्ग त्यांनी त्यांच्या घराच्या सोप्यात एका पायमशीनवर सुरू केला. प्रदर्शनाच्या टेबलावर कुठलीही वस्तू मांडण्याआधी त्या ती हातात घेतात आणि आधी उलटी करतात. सुलट बाजूला भरतकाम कितीही देखणं असो, नजर पहिल्यांदा उलट्या बाजूवर जाणार. दोरे लोंबताहेत का, शिवणीच्या कडा उसवताहेत का, कोपऱ्यात टीप उलटी मारून घट्ट केलीय का. “बाहेरून सगळ्यांचंच चांगलं असतं, आतून बघा,” हे त्यांचं वाक्य आमच्या वर्गातल्या प्रत्येकीला पाठ आहे.

झबल्याच्या बाबतीत तर हा नियमच आहे. आमच्या वर्गात प्रत्येकीची पहिली वस्तू तान्ह्या बाळाचं झबलं. बाई सांगतात, नवं कापड घेऊ नका. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती धोतर किंवा जुनं लुगडं घ्या. बटण नको, हूक नको, फक्त नाड्या. आणि शिवणीची जाड कड बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे बाळाच्या कातडीला ती लागत नाही. गळ्याला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी लावायची, कारण आडव्याउभ्या धाग्याची पट्टी वळणावर ताठ उभी राहते आणि मानेला काचते. मी माझं पहिलं झबलं सरळ पट्टी लावून आणलं होतं. बाईंनी काही न बोलता ते माझ्या मनगटाभोवती गुंडाळलं आणि हलकेच फिरवलं. मी घरी जाऊन रात्रीच ते उसवलं.

आता मेळाव्यातल्या त्या भागाविषयी, ज्यासाठी मी दरवर्षी जाते. वर्ष पूर्ण केलेल्या बायका आणि मुली एकेक करून व्यासपीठावर येतात, हातात स्वतः शिवलेली एक वस्तू घेऊन. ती काय आहे आणि कुणासाठी शिवली, एवढंच सांगायचं. पत्रिकेत आम्ही त्याला ‘मनोगत’ म्हणतो. जवळजवळ प्रत्येकीची सुरुवात “मला काय बोलाय येत न्हाई” अशी होते. मग ती वस्तू उलगडते आणि हातात वस्तू आली की बोलू लागते. कापडाविषयी बोलता बोलता घराविषयी बोलते. मी इतक्या वर्षांत कितीतरी मनोगतं ऐकली आणि दरवेळी माझा पदर डोळ्यांना लागतो. त्याची मला लाज वाटत नाही.

एक मनोगत मात्र माझ्या मनात कायमचं राहिलंय. ती बाई मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याच्या कामाला जायची. संध्याकाळी काम सुटल्यावर वर्गाला यायची, तेव्हा केसांत कापसाची तूस असायची. वर्षभर ती फारशी बोलली नाही. मेळाव्याला ती दप्तर घेऊन उभी राहिली. दुसरीतल्या मुलासाठी जाड कापडाच्या फेंटमधून शिवलेलं, निळी आणि खाकी पट्टी आलटून पालटून जोडलेलं. तिने ते वर धरलं, मग चेन उघडली आणि सगळ्यांसमोर आतली बाजू बाहेर काढली.

“आतनं बघा,” ती म्हणाली. “बाजारातलं दप्तर आतनं उसवतं. वरनं दिसत न्हाई. पोरगं सांगत न्हाई, पेन्सिली पडत राहत्यात, आन् मास्तर मारत्यात पोराला. म्हणून मी सगळ्या शिवणीला पट्टी लावली. पट्ट्याला चौकोन मारला, त्यात फुली मारली, दोनदा. हे आता फाटलं तर कापड फाटंल, शिवण न्हाई सुटायची.”

बोलून झाल्यावर ती तशीच उभी राहिली, दप्तर उलटंच हातात. टाळ्या वाजायच्या आधी बाई उठल्या, पुढे गेल्या आणि तिच्या हातातून दप्तर घेऊन त्या चौकोनातल्या फुलीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, “माझ्यापेक्षा चांगली मारलीस.” आमच्या बाई हे वाक्य सहसा कुणाला म्हणत नाहीत. मी तरी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

आता एक बोलून टाकायचंय, बरेच दिवस मनात आहे. ही मनोगतं कार्यक्रमाच्या शेवटी असतात, आणि तोपर्यंत हॉल निम्मा रिकामा झालेला असतो. अल्पोपाहाराच्या बश्या फिरल्या, वाणाच्या पिशव्या हातात पडल्या की मागच्या रांगा उठू लागतात. आमच्या कार्यकारिणीतल्या काहींच्या घरची माणसंसुद्धा सत्कारापुरती येतात, फोटो काढून जातात. ज्या बाईने वर्षभर मशीनवर पाय मारलाय, जिने आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात धरलाय, ती रिकाम्या खुर्च्यांकडे बघून बोलते, हे मला सहन होत नाही. मी चिटणीस असताना दोनदा मनोगतं अहवालाच्या आधी ठेवली. पाहुण्यांना उशीर होतो म्हणून मग ती परत मागे गेली. यंदाही मागेच होती. शिवणाऱ्या बायकांचे नवरे तर बोटावर मोजण्याइतके येतात. बायको वर्गाला जाते म्हणून संध्याकाळचा चहा स्वतः करून घेणारे नवरेही आहेत, त्यांची मला कदर आहे. त्यांनी एक दिवस हॉलमध्ये येऊन बसावं, एवढंच.

दुसरी एक गोष्ट हळदीकुंकवाची. आमचा मेळावा त्या दिवसांतला, त्यामुळे हळदीकुंकू होणारच. पण पहिल्या वर्षापासून बाईंनी ठरवलं की तिळगूळ, वाण आणि कुंकू येईल त्या प्रत्येक बाईला द्यायचं, नवरा आहे की नाही हे विचारायचं नाही. बाई स्वतः तिशीत विधवा झालेल्या. त्या निर्णयामुळे गल्लीतल्या काही घरांनी मंडळात येणं बंद केलं, ते अजून बंदच आहे. त्यांतल्या दोघीतिघी माझ्या चांगल्या ओळखीच्या. रस्त्यात भेटल्या की मी बोलते. पण त्यांच्या न येण्याचं दुःख मला आहे, आणि बाईंच्या बाजूने मी आजही उभी आहे.

हळदीकुंकवाला लागूनच आमच्याकडे सामुदायिक बोरन्हाण असतं, आणि मुलांच्या वस्तू खऱ्या खुलतात त्या तिथे. वर्गातल्याच बायका लेकरांसाठी काळी झबली आणि परकर शिवतात. काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची खडी असते, आणि त्यावर हलव्याचे दागिने उठून दिसतात. हलव्याचे हार, बिंदल्या, मुकुट दोघीजणी महिनाभर आधीपासून करतात. पुठ्ठ्यावर कापड चढवून त्यावर हलवा दोऱ्यात ओवायचा, कारण नुसत्या पुठ्ठ्यावर चिकटवला तर बाळ हलताच दाणे गळतात. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, बत्तासे, गोळ्या डोक्यावरून ओतल्या की सगळी चिल्लीपिल्ली वेचायला झेपावतात आणि ज्याचं बोरन्हाण ते भेदरून आईला चिकटतं. एका वर्षी एका दोन वर्षांच्या पोराने रडता रडता स्वतःच्या हलव्याच्या बाजूबंदाला तोंड लावलं आणि गप्प झालं. तो फोटो अजून वर्गाच्या भिंतीवर आहे. तो मुलगा आता अकरावीत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. पंचगंगेचं पाणी आमच्या वर्गाच्या खोलीत आलं. पाणी उतरल्यावर गेलो तेव्हा चारी मशिनी चिखलात होत्या, कपाटातली कापडं कुजलेली होती, फळीवर ठेवलेले कागदी नमुने लगदा होऊन चिकटले होते. आम्ही मशिनी अंगणात आणल्या. पट्ट्या, दातरे, शटल सगळं खोललं, रॉकेलमध्ये बुडवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, पुसून तेल घातलं. चारातल्या तीन पुन्हा चालू झाल्या.

आणि मग त्याच तीन मशिनींवर नि बऱ्याचशा हातानेच आम्ही गोधड्या शिवायला घेतल्या. ज्यांची अंथरुणं वाहून गेली होती त्यांच्यासाठी. गावभरातून जुनी लुगडी आली. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड. एका गोधडीला खालीवर दोन लुगडी आणि आत धोतरं, चादरी, परकर, जे असेल ते. सगळं नीट पसरायचं, कोपऱ्यावर वरवंटा ठेवायचा, आधी लांब कच्चे टाके घालायचे, मग बोटभर अंतराने धावदोरा. दोघी समोरासमोर बसून कडेकडून आत शिवत यायच्या. २०२० च्या जानेवारीतल्या मेळाव्यात टेबलांवर वस्तू कमी आणि दोऱ्यांवर टांगलेल्या गोधड्याच जास्त होत्या. त्या वर्षी बाई काही बोलल्या नाहीत. हॉलमधून एकेका गोधडीची कड उचलून मागची बाजू बघत फिरल्या.

त्यानंतर दोन वर्षं मेळावा झाला नाही. टाळेबंदीत ज्या त्या घरी मास्क शिवत होत्या, इलास्टिक मिळेना तेव्हा नाड्या लावून. झबल्यांच्या नाड्यांचा सराव तिथे कामी आला.

यंदाच्या मेळाव्यासाठी जे राबले, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय मला हात थांबवता येत नाही. नावं घातली तर कुणाचं राहील आणि ते वर्षभर लागून राहील, म्हणून काम सांगून आठवते. हॉल सकाळी सहाला उघडून देणारे काका. माईकवाले दादा, त्यांनी यंदाही पैसे घेतले नाहीत. फेंटचं अख्खं पोतं पाठवणारे कारखानदार. रांगोळी घालणाऱ्या दोघी बहिणी. हलव्याच्या दागिन्यांच्या त्या दोघी. मसालेभात आणि जिलबी करणाऱ्या मावशी आणि त्यांच्या सुना. वाणाच्या तीनशे कापडी पिशव्या वेळेत पूर्ण करणाऱ्या सकाळच्या वर्गातल्या मुली, त्यांनी शेवटच्या दोन रात्री जागून काढल्या. बाईंना घरून आणणारा आणि परत सोडणारा रिक्षावाला, जो कार्यक्रम संपेपर्यंत दारात थांबला आणि मनोगतंही ऐकली. मशिनींना तेलपाणी करणारे मेकॅनिक. पत्रिका लिहून देणारे शाळेतले सर. पाणी भरणाऱ्या आक्का. गोधड्या टांगायला दोऱ्या बांधणारी गल्लीतली पोरं.

आणि एकजण राहिला होता. सगळे गेल्यावर खुर्च्या एकावर एक लावताना मला तो दिसला. उंच, मिसरूड फुटलेला. पाठीवर निळ्या-खाकी पट्ट्यांचं जुनं दप्तर होतं, रंग उडालेला, पट्ट्यावरची फुली तशीच. सगळ्या खुर्च्या त्याने एकट्याने लावल्या.