वाहिलेले बेलपान

वडील गेले त्या रात्री मी त्यांच्याजवळ नव्हतो. "जमलं तर ये," असा आईचा गावाहून फोन आला होता आणि मी कार्यालयातील वर्षअखेरीच्या हिशेबांचे कारण सांगून दोन दिवसांची मुदत मागितली होती. ते दोन दिवस वडिलांना मिळाले नाहीत. पुढील अकरा वर्षे मी उपास केले, अन्नदान केले, दर श्राद्धाला मनोमन क्षमा मागितली, तरी त्या फोनला दिलेले उत्तर रोज रात्री मनात नव्याने बदलून पाहत राहिलो. या साऱ्या प्रायश्चित्तातही अहंकार होता, असे आता मला वाटते, कारण माझ्या अपराधाचा निवाडा मीच करीत होतो आणि शिक्षाही मीच ठरवीत होतो.

गेल्या श्रावणात ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिरात गेलो. मासुंदा तलावाजवळच्या या शिवमंदिराचा जीर्णोद्धार १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केला. पिंडीवर बेल वाहताना मनात आले, की वाहिलेले पान आपण परत मागत नाही; मग हे दुःख मात्र दर वेळी देवापुढे ठेवून पुन्हा घरी का नेतो? "चूक माझी आहे, निवाडा तुझा," एवढेच मी म्हणालो.

बाहेर तलावपाळीवर बसून आईला फोन केला आणि तेव्हा रजा शिल्लक होती, हे प्रथमच सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"मला ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "जेवलास का?"