नवरात्रात क्राकोव्ह: एक उपासवाला, एक शाकाहारी आणि दोन खादाड

सगळ्यात आधी शेपूचं सांगतो, कारण आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पोलंडमध्ये उकडलेल्या बटाट्यावर शेपू, सूपमध्ये शेपू, काकडीच्या कोशिंबिरीत शेपू, लोणच्याच्या बरणीत तर शेपूच्या अख्ख्या काड्या. आपल्याकडं कोथिंबीर कशी हात जाईल तिथं पडते, तसा तिकडं शेपू. ज्यांचं शेपूशी जमत नाही त्यांनी 'बेझ कोपेरकू' एवढं पाठ करून जावं, म्हणजे शेपू नको. मला आवडतो म्हणून माझी चैन झाली.

तर ऑक्टोबर २०२४, आम्ही चौघं कॉलेजचे मित्र. मी, संद्या आणि विन्या कोल्हापूरहून, अभ्या जर्मनीतून येऊन मिळाला. तारखा ठरल्या अभ्याच्या सुट्टीवर, आणि तिकिटं काढून झाल्यावर विन्याच्या लक्षात आलं की घटस्थापना नेमकी ३ तारखेला आहे आणि त्याचा नऊ दिवसांचा उपवास असतो. संद्या नवरात्रात मटणाला शिवत नाही. अभ्या जर्मनीला गेल्यापासून काहीच पाळत नाही, आणि मी म्हटलं घट घरी बसलेत, आपण इकडं, चालतंय. म्हणजे एका टेबलावर तीन प्रकारचे खाणारे, आणि त्यामुळं हा वृत्तांत सगळ्यांच्या कामाचा व्हावा.

पोलंडच का हे बरेच जण विचारतात. कोल्हापूरकरांना सांगायला नको, दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका आणि पोरं. सोव्हिएत रशियानं त्यांना घरातून उचलून सायबेरियात वगैरे नेऊन टाकलं होतं, तिथून इराणमार्गे ते इकडं आले. विन्याचं आजोळ वळिवड्याचं, त्यामुळं लहानपणापासून हे ऐकलेलं. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, उतरल्या दिवशी आधी तिथं गेलो, डोकं टेकवलं, फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेननं क्राकोव्ह. फास्ट ट्रेनला अडीच तासाच्या आसपास लागतात, तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. आम्हाला वाटलेलं 'कोल्हापूर' म्हटलं की क्राकोव्हची माणसं गळ्यात पडतील, तसं काही नाही. पहिल्याच खानावळीत अभ्यानं छाती फुगवून सांगितलं तर काउंटरवरच्या काकूंनी हातानं खूण केली, पुढं सरका, मागं लाइन आहे.

ती खानावळ म्हणजे बार म्लेच्नी. शब्दशः दुधाचा बार. कम्युनिस्ट काळात कामगारांना स्वस्तात घरगुती जेवण मिळावं म्हणून सरकारी मदतीवर चालायचे, अजूनही बरेच चालू आहेत आणि काहींना सरकारी मदतही मिळते. मेस आणि एसटी कँटीन यांच्या मधलं काहीतरी समजा. पद्धत अशी, भिंतीवरचा मेनू वाचायचा, कॅशवर सांगायचं, पैसे द्यायचे, पावती घेऊन खिडकीपाशी थांबायचं, पदार्थाचं नाव ओरडलं की ताट उचलायचं आणि खाऊन झालं की ताट आपणच परत खिडकीत ठेवायचं. ताट टेबलावर सोडून उठलात तर सगळं दुकान बघतं, आमच्याकडं बघितलं. मेनू पोलिशमध्येच असतो, फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून घ्यायचं, पण लाइनमध्ये उभं राहायच्या आधी. आमचं चौघांचं पोट भरून शंभर ते सव्वाशे झ्लॉटी व्हायचे, तेव्हा एक झ्लॉटी साधारण २१-२२ रुपये होता. त्याच पैशात रिनेकवरच्या, म्हणजे मुख्य चौकातल्या, छत्रीखाली दोघांचं धड झालं नाही, तेही सूप कोमट.

आता विन्याचा उपास. पहिल्या दिवशी तो केळी आणि दाण्याचा लाडू यावर होता, तोंड एवढंसं झालेलं. मग खानावळीत शेजारच्या टेबलावर एक आजोबा उकडलेले बटाटे, वर लोणी, आणि सोबत ग्लासभर घट्ट ताक असं खाताना दिसले. बटाटा आणि ताक! पोलिश लोकांचं हे जुनं साधं जेवण आहे, ताकाला माश्लांका म्हणतात, केफीरही चालतं, ते जरा जास्त आंबट. विन्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण बटाट्यावर शेपू. शेपू उपासाला चालतो का? तिथं उभ्या उभ्या व्हॉट्सॲपवर आईला व्हिडिओ कॉल, मागं लाइन, काकू डोळे वटारून. आई म्हणाली, बाजूला काढ आणि खा, देवीला कळतंय. पुढचे सगळे दिवस 'बेझ कोपेरकू' विन्याच म्हणायचा, आणि उच्चार आमच्या सगळ्यांत त्याचाच चांगला झाला.

शाकाहारी मंडळींनी पिएरोगी खायच्या. आकार आपल्या करंजीसारखा, पण उकडलेली, मऊ. 'रुस्किए' नावाची घ्या, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं, वर परतलेला कांदा. कोबी-मशरूमची पण मिळते आणि गोड हवी असेल तर ब्लूबेरीची. पण एक धोका आहे. वर जे कुरकुरीत तुकडे टाकतात ते प्रत्येक वेळी कांद्याचेच असतील असं नाही, डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पण टाकतात, त्याला स्क्वार्की म्हणतात. संद्यानं एका ठिकाणी 'व्हेज?' विचारलं, हो म्हणाले, आली ती स्क्वार्की घालून. त्यांच्या हिशोबानं आत मांस नाही म्हणजे व्हेज. म्हणून 'बेझ मिएंसा, बेझ स्क्वारेक' असं दोन्ही म्हणायचं. सूप तर बहुतेक मांसाच्या पाण्यातच करतात, बिटाचं लाल सूप दिसायला सात्त्विक दिसलं तरी विचारल्याशिवाय घेऊ नका.

मांसाहारींसाठी झुरेक. राय नावाच्या गव्हासारख्या धान्याचं पीठ पाण्यात आंबवून त्याचं सूप करतात, आत उकडलेलं अंडं आणि पांढरं सॉसेज. आंबील माहिती असेल तर पहिल्या घोटाला ओळख पटेल, फक्त ही आंबील मांसाहारी. मला पहिला घोट विचित्र वाटला, दुसरा बरा, आणि चौथ्या दिवशी सकाळी नऊला थंडीत मी स्वतःहून झुरेक शोधत फिरत होतो. बिगोस म्हणजे आंबवलेला कोबी आणि दोन-तीन प्रकारचं मांस तासन्‌तास शिजवलेलं, दिसायला काहीच नाही, चवीला लय भारी. तिखट मात्र कशातच नाही. संद्यानं घरून चटणीची पुडी नेलेली, तिसऱ्या दिवसापासून ती पुडी म्हणजे सोनं झालं, आम्ही चमच्यानं मोजून घ्यायचो.

रस्त्यावरचं सांगायचं तर निळ्या रंगाच्या छोट्या गाड्यांवर ओब्वाझानेक मिळतो, पीळ दिलेली गोल पावाची कडी, वर मीठ, खसखस किंवा तीळ. २०१० पासून त्याला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे. सकाळी घ्या, संध्याकाळी त्याचा दगड होतो. डोंगराकडचं ओस्त्सिपेक नावाचं मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज भाजून वर आंबटगोड लाल बेरीचा जॅम घालून देतात, संद्या दिवसातून दोनदा. आणि रात्री काझिमिएश भागात प्लात्स नोवी चौकातल्या गोल इमारतीभोवतीच्या खिडक्यांतून झापिएकांका, हातभर लांब अर्धा पाव, वर मशरूम, चीज, सॉस. एक घ्या आणि दोघांत खा.

आम्ही राहिलोही काझिमिएशमध्येच आणि मी तेच सुचवेन. हा जुना ज्यू वस्तीचा भाग, जुनी सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, छोटे कॅफे, रिनेकला चालत पंधरा-वीस मिनिटं. फक्त शुक्रवार-शनिवारी रात्री प्लात्स नोवीच्या आसपास गोंधळ फार, खोली दोन गल्ल्या सोडून घ्या.

बघायचं काय? रिनेक म्हणजे मोठा चौक, १२५७ मध्ये आखलेला, एकेक बाजू सुमारे २०० मीटर. मधोमध सुकिएनित्से, जुना कापडबाजार, आता तिथं अंबरचे दागिने आणि फ्रिज मॅग्नेट. कोपऱ्यात मारियात्स्की चर्च, त्याचे दोन मनोरे कमीजास्त उंचीचे. उंच मनोऱ्यातून दर तासाला, रात्रीसुद्धा, एक माणूस चारी दिशांना तुतारी वाजवतो आणि सूर अचानक मध्येच तुटतो. सांगतात असं की १२४१ मध्ये तातार चाल करून आले तेव्हा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, तिथंच तो सूर थांबला, म्हणून आजही तिथंच थांबवतात. वाजवणारे अग्निशमन दलाचे लोक असतात. वाजवून झाल्यावर खालून हात केला तर वरून हात करतात, आम्ही चार वेळा केला, चारही वेळा उत्तर आलं, चाळिशीच्या माणसांना एवढा आनंद व्हायचं कारण नव्हतं पण झाला. चर्चच्या आत फाइट श्टॉस या शिल्पकारानं केलेली लाकडी वेदी आहे, १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं काम चाललेलं, ती बघाच, बाकी चर्च राहिली तरी चालतील.

वावेल किल्ल्याची तिकिटं वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी आणि वेळ ठरवून मिळतात, आधी काढून ठेवा, नाहीतर आमच्यासारखं अंगणातच फिरून यावं लागेल. त्याचं मला फार दुःख नाही, कारण अंगणाच्या एका कोपऱ्यात लोक भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभे असतात, का तर तिथं म्हणे पृथ्वीचं एक चक्र आहे, शंकरानं टाकलेल्या सात दगडांपैकी एक. विन्या लगेच चप्पल काढायला लागला. खाली नदीकाठी ड्रॅगनचा पुतळा आहे, तो थोड्या थोड्या वेळानं खरंच आग ओकतो. आगीला पोलिशमध्ये ओगिएन म्हणतात, म्हणजे आपला अग्नीच की.

विएलिच्काची मिठाची खाण अर्धा दिवस ठेवून करा. लोकल ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटं, गाइडशिवाय आत सोडत नाहीत, इंग्रजी टूर असते. सुरुवातीलाच ३८० पायऱ्या उतरायच्या, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा, वर मात्र लिफ्टनं आणतात. जमिनीखाली १०१ मीटरवर सेंट किंगाचं चॅपल, मूर्ती, जमीन, झुंबरांचे लोलक सगळं मिठाचं. भिंत चाटून बघता येते. चाटली. खारट आहे.

ऑश्विट्झ, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली नाझींची छळछावणी, क्राकोव्हपासून सत्तरेक किलोमीटरवर. आत जायला पैसे नाहीत पण नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते, गाइडसह टूर विकत मिळते ती घ्या, पासपोर्ट जवळ ठेवा, मोठी बॅग नेऊ देत नाहीत. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. आम्ही संध्याकाळी परत आलो आणि कुणी जेवायचं नावच काढलं नाही.

आता फुटकळ पण महत्त्वाचं. ट्राममध्ये तिकीट काढून भागत नाही, आत चढल्यावर मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारावा लागतो. आम्ही तिकिटं खिशात नीट सांभाळून ठेवलेली, तपासनीस आला, तिकिटं बघितली आणि शांतपणे दंडाची पावती फाडली. चूक आमचीच. पाणी मागताना 'निएगाझोवाना' म्हणा, नाहीतर सोडा येतो. रविवारी बहुतेक मोठी दुकानं कायद्यानं बंद असतात, खाण्यापिण्याचं सामान शनिवारीच भरा. एटीएमनं 'रुपयांत कापू का' असं गोड विचारलं तर नाही म्हणायचं, रेट फार वाईट लावतात. युरो चालत नाहीत, झ्लॉटीच लागतात. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच, जास्त रात्री पोलंडमध्ये असतील तर पोलंडकडूनच घ्यायचा आणि अपॉइंटमेंटसाठी शक्य तितक्या लवकर हात हलवायचा, संद्याची तारीख निघायच्या जेमतेम तीन आठवडे आधीची मिळाली होती आणि त्याचं बीपी अजून खाली आलेलं नाही. ऑक्टोबरात सकाळी पाच-सहा डिग्रीपर्यंत जातं, जाड जॅकेट लागतंच.

निघायच्या दिवशी सकाळी मी बारा ओब्वाझानेक घेतले, घरच्यांना दाखवायला. अभ्या म्हणाला नको घेऊ, ऐकलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात पोचेपर्यंत त्यांची पार लाकडाची चकती झाली होती, धाकट्या भाच्यानं एक हातात बांगडी म्हणून घातला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा बेत होता, आईनं ते मोडून कटाच्या आमटीत टाकले, दहा मिनिटं झाकून ठेवले आणि वाटीत वाढले. विन्या उपास सोडायला आमच्याकडंच आला होता, त्यानं तीन वाट्या खाल्ल्या.