मुलुंड ते हरिहरेश्वर, मागे ट्रेलर लावून

साठी उलटली की प्रवासाचे प्रश्न बदलतात. खोली तळमजल्यावर मिळेल का? संडास कमोडचा आहे का, आणि खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून? इन्सुलिन ठेवायला फ्रिज मिळेल का, आणि रात्रभर वीज गेली तर काय? ह्यांचे दोन्ही गुडघे बदललेले, मला मधुमेह. हे प्रश्न फोनवर विचारून विचारून थकलो आणि मध्ये काही काळ कोकणात जाणंच बंद झालं. ज्या किनाऱ्यावर आमची तरुणपणाची प्रत्येक सुट्टी गेली, तो घरापासून तीन-चार तासांवर असून परका झाला होता. याचं मला फार वाईट वाटायचं.

म्हणून आम्ही ट्रेलर करून घेतला. गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढायचा बारा फुटी डबा, एकच ॲक्सल, दोन चाकं. कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात बांधून घेतला. आत पलंग, त्याची उंची ह्यांच्या गुडघ्याला मोजून ठरवलेली, म्हणजे बसता-उठताना कळ येऊ नये. पडद्यामागे पोर्टेबल टॉयलेट. छतावर सोलर पॅनल, खाली बॅटरी, आणि त्यावर चालणारा बारा व्होल्टचा छोटा फ्रिज. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. उघडलेलं साधारण महिनाभर उन्हापासून लांब, थंड जागी चालतं. मागचं दार वर उचललं की ओटा, शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर. स्वयंपाक बाहेर उभं राहून करायचा, वास आत कोंडत नाही.

कागदपत्रांबद्दल खूपजण विचारतात. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी होते आणि त्याला स्वतःचा नंबर मिळतो. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर नॉन-ट्रान्सपोर्ट, म्हणजे व्यावसायिक वाहतुकीच्या नसलेल्या, वाहनांच्या यादीत येतो. तरी बांधायला टाकण्याआधी आरटीओत जाऊन समोरासमोर विचारून घ्या आणि गाडीच्या पुस्तिकेत ती किती वजन ओढू शकते तेही बघा. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहता येणाऱ्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा डबा बघून लोकांच्या कपाळावर पूर्वीइतक्या आठ्या येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मुंबईत खरा प्रश्न तो उभा कुठे करायचा हा. आमच्या सोसायटीच्या सभेत त्यावर बरीच चर्चा झाली. अग्निशमन दलाच्या गाडीची वाट अडेल ही शंका रास्त होती, म्हणून सेक्रेटरींसोबत टेप घेऊन मोजमाप केलं आणि पंपरूमच्या मागची, कोणाच्याही वाटेत न येणारी जागा भाडं देऊन घेतली.

आता वजनाबद्दल, कारण ट्रेलर सुरक्षित चालणं सगळं त्यावर आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या टोकावर, म्हणजे गाडीच्या हुकावर यायला हवा. आमचा डबा सामानासकट सातशे किलोच्या आसपास भरतो, तर हुकावर सत्तर किलोच्या खाली जाऊन चालत नाही. हे मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. सपाट जागेवर पुढचं छोटं चाक (हुक सोडल्यावर डब्याचं पुढचं टोक ज्यावर टेकतं ते) काट्यावर टेकवायचं आणि आकडा वाचायचा. काटा फुटेल असं वाटतं, पण माणसाएवढंच तर वजन असतं! भार कमी पडला की मागचं सामान पुढे सरकवायचं. पाण्याचा कॅन बरोबर ॲक्सलवर ठेवायचा, कारण चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. शेपटीकडे वजन जास्त झालं की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. तसं झालं तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने सावरायचा प्रयत्नही करायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, वेग उतरला की तो आपोआप शांत होतो.

गाडी मी चालवते. हे शेजारी बसून आरसे बघतात आणि उतरून दिशा दाखवतात.

मार्गशीर्षात निघालो. थंडी कोरडी, पॅनलला दिवसभर ऊन. पहाटे चारला मुलुंड सोडलं, कारण ऐरोलीचा पूल आणि ठाणे-बेलापूर रस्ता उजाडायच्या आत पार करायचा होता. साठच्या वर वेग नेला नाही. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी हवेचा धक्का बसतो आणि मग तो ट्रेलरला आपल्याकडे खेचतो. हात सैल, नजर लांब, एवढं पाळलं की तो क्षण निघून जातो. पनवेलनंतर कर्नाळ्याच्या खिंडीत गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली आणि उतारावर इंजिनानेच वेग धरला. पेणला पोह्याचे पापड घेतले. नागावला पोचलो तेव्हा सकाळ सरली नव्हती आणि पुढे जाण्याची काही गरजही नव्हती. पूर्वी आम्ही एका दमात दापोली गाठायचो आणि दुसरा दिवस पाठ शेकण्यात जायचा. आता दुपारच्या आत मुक्काम, हा नियम आम्ही कसोशीने पाळतो.

नागाव ते रेवदंडा हा रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर नारळ-पोफळींची सावली, आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला थांबावं लागेल एवढीच रुंदी. चौलच्या भोवाळे डोंगरावर दत्तजयंतीची मोठी जत्रा भरते, ती गर्दी टाळायला आम्ही नवमीलाच तिथून पुढे निघालो. तरी चौलात वळणावर समोरून एसटी आली. तिच्या मागे टेम्पो, म्हणजे ती मागे जाणं शक्य नव्हतं.

ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं होतं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. यावर एक सोपी युक्ती आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, घड्याळात सहा असतात तिथे. मग ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवायचा. हे खाली उतरले, काठी टेकत मागे गेले आणि एका वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे गडग्यातून आत जायच्या वाटेपाशी, उभे राहिले. आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. तळहात दिसला की थांबायचं, आणि आरशात हे दिसेनासे झाले तरीही थांबायचं. हात वीतभर डावीकडे, मग सरळ, मग अगदी थोडा उजवीकडे. डबा त्या बेड्यात गडग्याला न घासता शिरला आणि एसटी हळूच पुढे सरकली. ड्रायव्हरने खिडकीतून हात जोडले, "मावशी, एकदम बराब्बर!" म्हणाला. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला, तो मी इथे लपवणार नाही.

मुरूडला मुक्काम केला आणि एकादशीला सकाळी आगरदांड्याच्या जेट्टीवर गेलो. वेळ आधीच ठरवली होती, ती कोकणातल्या जुन्या हिशेबाने. तिथीची पाऊणपट करायची, की साधारण भरतीची वेळ मिळते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हा हिशेब थोड्याफार फरकाने जुळतो आणि कालनिर्णय जवळ असलं की इंटरनेट लागत नाही. भरतीचं एवढं अगत्य ट्रेलरसाठी. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो, आणि गाडी व ट्रेलर यांच्या मधला सांधा खाली दबून पुढचं छोटं चाक काँक्रीटवर घासतं. पाणी चढलेलं असलं की चढउतार सौम्य असतो. ह्यांनी ते चाक पूर्ण वर उचलून पक्कं केलं, साखळ्या पुन्हा बघितल्या आणि पहिल्या गिअरमध्ये आम्ही फेरीबोटीवर चढलो. खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसत होता. पलीकडे दिघी. बोर्ली पंचतन करत दिवेआगरला पोचलो आणि मागचं दार उघडून मी साबुदाण्याची खिचडी टाकली.

मुक्काम एका खानावळवाल्यांच्या वाडीत, भाडं ठरवून. वाळूवर ट्रेलर नेऊ नका. चाकं रुततात, आणि किनारा गाड्यांसाठी नाहीच. नारळाखालीही लावायचा नाही. वरून नारळ किंवा झावळी पडली तर पत्र्याचं छत काय टिकणार! सुरूच्या झाडांच्या आडोशाला जागा मिळाली. आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मगच हुक सोडायचा, हा क्रम कधीही मोडायचा नाही. एका चाकाखाली फळी सारून डबा समतल केला. समतल नसला की झोपताना डोक्याकडे रक्त उतरतं आणि ताटातली आमटी एका कडेला जाते.

वाडीच्या मालकीणबाई माझ्याच वयाच्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला वर्षं जातात. "आम्ही लावली, नातवंडं काढतील," असं त्या पाणी सोडता सोडता म्हणाल्या. तिथून पुढे बराच वेळ आम्ही दोघी दांडांच्या, म्हणजे पाण्याच्या पाटांच्या, कडेने फिरलो. प्रत्येक रोप त्या हात लावून दाखवत होत्या, कोणतं त्याच पावसाळ्यात लावलं, कोणतं मेलं म्हणून पुन्हा लावलं. गावातल्या सुवर्णगणेशाचंही असंच. 1997 मध्ये तांब्याच्या पेटीत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा 2012 मध्ये चोरीला गेला आणि 2021 मध्ये नव्याने घडवून पुन्हा बसवला. एका रात्रीपुरती खोली घेऊन आलो असतो तर देवळात जाऊन, मोदक खाऊन परतलो असतो. त्या बाईंचं बोलणं ऐकायला दुपार रिकामी असावी लागते.

आणि रात्र. तीनला मला जाग आली, चार पावलं चालले, परत येऊन आपल्याच उशीवर झोपले. बाहेर समुद्राचा आवाज होता. ज्यांना रात्री उठावं लागतं त्यांनाच कळेल की हे किती मोठं सुख आहे.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीचा रस्ता घेतला. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. चढउतार आहेत, म्हणून प्रत्येक मोठ्या उतारानंतर थांबून ब्रेक निववले. घाई कसली होती? तिथे थांबणं म्हणजे शिक्षा थोडीच! श्रीवर्धन म्हणजे पेशवे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव आणि रोठा सुपारीचं. अर्धा किलो रोठा बहिणीसाठी घेतली.

पौर्णिमेला हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणा डोंगराच्या कडेने पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या कातळावरून जाते आणि भरतीला ती वाट जीवघेणी आहे. पुन्हा तोच हिशेब. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पाचच्या सुमारास, तीही उधाणाची, कातळ लांबवर उघडा. पायऱ्या ह्यांना जमण्यातल्या नव्हत्या. हे वर काळभैरवापाशी बसले आणि मी एकटी उतरले. कातळाला लाटांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेली आहेत. एका भोकात हात घातला तर मनगटापर्यंत गेला, आत पाणी कोमट आणि एक खेकडा. वर येऊन सगळं ह्यांना सांगितलं, मोबाइलवरचे फोटो मोठे करून दाखवले. दत्तजयंती होती, रात्री खानावळीत सुंठवडा मिळाला.

परतताना म्हसळा, माणगाव करत महामार्गाला लागलो. पोर्टेबल टॉयलेट वाटेत घरगुती खानावळीच्या संडासात, विचारून आणि पैसे देऊन, रिकामं केलं. ते उघड्यावर किंवा ओढ्यात ओतू नका, कोणी बघत नसलं तरी.

आता आमच्याच इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं ट्रेलर मागतंय. काकांना बायपास झालेली, काकूंना गेली काही वर्षं घरातून हलता आलेलं नाही. ट्रेलर मी आनंदाने देणार आहे, पण अट घातली आहे की आधी मोकळ्या मैदानात खुणेचे दोन छोटे डबे ठेवून त्यांच्या मधून रिव्हर्स घ्यायला शिकायचं, आणि काकूंनीही शिकायचं. रविवारी सकाळी सातला दोघं तयार आहेत.