वद्य तृतीयेची भरती: गलबतावर अडकलेल्या मुलींची साहसकथा लिहिणाऱ्यांसाठी

शाळकरी मुलींना पळवून गलबतावर डांबले आहे आणि त्या झुंज देत आहेत, अशी कोकण किनाऱ्यावरची साहसकथा लिहायची तर बहुतेक लेखकांचा हात आधी तलवारीकडे जातो. दहा वर्षांची पोर पट्टा फिरवते, तीन खलाशी आडवे होतात आणि गलबत मुलींच्या ताब्यात येते. वाचणारे मूल समुद्राकाठचे असेल तर ते तिथेच पुस्तक मिटते, कारण ६०-७० फुटांची फतेमारी, म्हणजे शिडाचे मालवाहू गलबत, चालवायला दहा-बारा तयार माणसे लागतात हे त्याने घरी ऐकलेले असते. मुलींकडे खरे हत्यार असते ते पाणी, वारा, तिथी आणि दोर यांची समज. त्यावर कथा उभी राहते, आणि चांगली उभी राहते.

काळ आधी ठरवा. "शाळकरी" हा शब्द वापरलात की आंग्र्यांचे आरमार हातचे गेले. त्या काळात ओलीस ठेवलेल्या बाईचीच कथा हवी असेल तर खरी घटना आहे. १७१२ साली कारवारहून मुंबईला निघालेल्या इंग्रज जहाजावर कान्होजींच्या आरमाराने हल्ला केला, त्यात एका तरुण बाईचा नवरा मारला गेला आणि तिची सुटका पुढे ३०,००० रुपयांवर झाली. पण ती शाळेतली मुलगी नव्हे. पुण्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा १८४८ ची. त्या पिढीतल्या विद्यार्थिनी वयाने लहान, आणि त्यातल्या कितीतरी जणींची लग्ने झालेली. चौदा-पंधरा वर्षांच्या, घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुली हव्या असतील तर हुजूरपागा ही पुण्यातली मुलींची शाळा सुरू झाल्यानंतरचा, म्हणजे १८८४ नंतरचा काळ घ्यावा. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या आठ मुली मुंबईला आणि तिथून आगगाडीने पुण्याला निघाल्या आहेत, ही सुरुवात तेव्हा पटते. आगबोटीऐवजी त्यांना फसवून फतेमारीवर चढवले, आणि फतेमारीला मुंबई गाठायचीच नाही. तिला किनाऱ्याने वर सरकून पुढे मस्कतकडे वळायचे आहे.

मोसमही तेवढाच नेमका हवा. पावसाळ्यात गलबते शाकारलेली असतात आणि नारळी पौर्णिमेआधी कोणी पाण्यात उतरत नाही. मार्गशीर्ष सर्वांत सोयीचा. आकाश स्वच्छ, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा, मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई. या दोन वाऱ्यांवर गलबत किनारा न सोडता उत्तरेकडे सरकत राहते. चाल संथ, आणि मुलींना दिवस मिळतात ते या संथपणामुळेच.

तळातल्या खणात कोंडलेल्या मुलीला दिशा कशी कळणार? सकाळचे ऊन फटीतून उजव्या अंगाला पडले तर गलबत उत्तरेला चालले आहे. पहाटेच्या वाऱ्याला धुराचा, शेणाचा, ओल्या मातीचा वास आला तर किनारा जवळ आणि वाऱ्याच्या तोंडाशी आहे. रात्री वर यायला मिळाले तर ध्रुव दिसेल. पण "ध्रुवावरून तिने ओळखले की आपण रत्नागिरीसमोर आहोत" असे कृपा करून लिहू नका. रत्नागिरीला ध्रुव क्षितिजापासून १७ अंशांवर आणि मुंबईला १९ अंशांवर. हात लांब करून धरलेल्या एका बोटाच्या जाडीएवढा हा फरक हलत्या गलबतावरून मोजता येत नाही. ध्रुवावरून फक्त उत्तर कळते. ठिकाण कळते ते आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीसारख्या खुणांवरून, आणि तेही दिवसा.

होकायंत्राखाली लोखंड लपवून दिशा चुकवण्याची युक्ती वाचकांना फार आवडते. अरबी समुद्राच्या मधोमध ती चालेल. पण इथला तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य खलाशी, किनारा बघत चालतो आणि त्याला समुद्रात घुसलेले डोंगराचे प्रत्येक टेंब (टोक) पाठ असते. इथे ही युक्ती वाया जाते.

आता बोलण्याची सोय. पहाऱ्यावर माणूस बसलेला असताना आठ मुलींनी बेत कसा करायचा? यासाठी आपल्याकडे करपल्लवी आहे, आणि ती कथांमधून इतकी कमी वापरली जाते याची खरोखर हळहळ वाटते. अहिफण, कमळ, चक्र, टंकार, तरू, पल्लव, यौवन, शृंगार अशा आठ खुणा असतात. सापाच्या फण्यासारखा हात म्हणजे स्वर, कमळासारखी ओंजळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार म्हणजे ट-वर्ग, आणि पुढे याच क्रमाने. वर्ग दाखवला की बोटांनी अक्षराचा क्रमांक सांगायचा आणि चुटक्यांनी मात्रा. "पाणी" सांगायचे आहे: पल्लवाची खूण, एक बोट, दोन चुटक्या म्हणजे "पा". मग टंकाराची खूण, पाच बोटे, चार चुटक्या म्हणजे "णी". चुटकीचा आवाज होतो ही अडचण. तेव्हा कथेत मुलींनी चुटकीऐवजी शेजारणीच्या तळहातावर अंगठा दाबावा, म्हणजे अंधारातही निरोप पोचेल. वेग मात्र बेताचाच ठेवा, कारण "तृतीयेला" एवढा एक शब्द सांगायलाही बराच वेळ जातो. म्हणून निरोप एकेका शब्दाचे असावेत.

पहिला घाव पिण्याच्या पाण्यावर घालावा. बारा खलाशी आणि आठ मुली अशी वीस माणसे. माणशी तीन लिटर धरले तर दिवसाला ६० लिटर आणि सात दिवसांना ४२० लिटर. हा साठा लाकडी पिंपांत असतो आणि पिंपे तळाशी, मुलींच्या जवळच रचलेली असतात. बूच उपटून पाणी एकदम सोडले तर खळखळाट होतो आणि सगळे उघडे पडते. बूच थोडे सैल करून त्यात चिंधीची वात घालायची. मिनिटाला अर्धा लिटर गेले तरी चौदा तासांत सगळी पिंपे कोरडी. हे पाणी तळाच्या सांडपाण्यात मिसळते, खलाश्यांना वाटते फळीचा सांधा गळतो आहे, आणि आपले पिण्याचे पाणी ते स्वतःच बादल्या भरभरून समुद्रात फेकतात.

बेत फसण्याची एक जागा इथे आहे. जुना तांडेल तळातले पाणी बोटावर घेऊन चाखतो. खारट लागले तर गळती, गोडे लागले तर वरून आलेले. तळात आधीपासून खारे पाणी साचलेले असते म्हणून चव मचूळ लागते, पण वात फार मोठी ठेवली तर फसवणूक कळते. मुलींनाही तहान लागणार आहे, हेही विसरू नका. एखादी कळशी आधी भरून गोणपाटाखाली लपवायला हवी. आठ जणींना दीड दिवस पुरवायची तर माणशी दिवसाला एक लिटर धरून बारा लिटर तरी लागतात.

पाणी संपले की तांडेलाला खाडीत शिरावेच लागते. कुठल्या खाडीत, हे लेखकाने विचारपूर्वक ठरवावे. विजयदुर्ग नावाला भारदस्त, पण तिथे पाणी खोल आहे. जयगडही तसेच. तिथे गलबत रुतत नाही. शिवाय चोरी करणारा माणूस गजबजलेल्या बंदरात, जकातीच्या शिपायासमोर जाणार नाही. मुचकुंदी जिथे समुद्राला मिळते ते पूर्णगड घ्या: मुखाशी वाळू, वर छोटा किल्ला, वस्ती बेताची. भरलेले गलबत तिथे पूर्ण भरतीलाच आत जाऊ शकते.

आणि भरती म्हटली की तिथी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ. अष्टमीला सहा, तृतीयेला सव्वादोन. हा आडाखा मुंबईकडचा. दक्षिणेला भरती काहीशी लवकर येते, म्हणून पूर्णगडाला तृतीयेची भरती रात्री दीडच्या सुमारास धरावी. सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेला नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. वद्य तृतीयेच्या रात्री चंद्र साडेआठच्या सुमारास उगवतो आणि भरतीच्या वेळी डोक्यावर असतो. अमावास्येनंतरच्या शुद्ध तृतीयेलाही पाणी असेच चढते, पण अंधारात कोणताही शहाणा तांडेल वाळूच्या दांड्यावरून गलबत नेणार नाही. म्हणून वद्य तृतीयाच हवी. मुलींनी पिंपाचे बूच प्रतिपदेच्या रात्री सैल करायचे ते यासाठी. शाळेत पंचांग आणि त्रैराशिक शिकलेली मुलगी हे गणित मांडू शकते, आणि कथेत तिचे शिक्षण इथे कामाला येते.

रात्री दीडला वारा कुठून असतो? जमिनीवरून, म्हणजे खाडीतून समुद्राकडे. तोंडावर वारा घेऊन शिडावर आत जाता येत नाही. परबाण, म्हणजे शिडाची ती लांब तिरपी काठी, खाली उतरवावी लागते आणि पुढे होडी बांधून सहा जणांनी वल्ही मारत गलबत ओढावे लागते. कथेच्या दृष्टीने याहून मोठी देणगी नाही, कारण बारापैकी सहा खलाशी गलबतावरून खाली उतरले! एक सुकाणूवर, एक नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावर, शिशाचा गोळा सोडून पाणी मोजतो आहे. उरले चार.

नांगराचे वजन मुलींना पेलणार नाही. तो वर ओढायला सहा-सात माणसे लागतात. पण खाली सोडायला ताकद लागत नाही. खाडीत शिरताना नांगर नाळेवर तयारच ठेवलेला असतो. त्याची बांधणी सोडली की बाकीचे काम त्याचे वजन करते. दोर मात्र पाण्याच्या खोलीच्या तिप्पट तरी सुटायला हवा, नाहीतर नांगर तळावरून घसरत राहतो. दांड्यावर दीड वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाणी असेल तर पाच वाव दोर. म्हणजे नुसती बांधणी सोडून भागणार नाही, वेटोळ्यातला दोर आधी मोकळा करून ठेवलेला हवा.

वेळ चुकली तर सगळे फुकट. जाणता तांडेल पाणी चढत असतानाच दांडा ओलांडतो, म्हणजे गलबत टेकले तरी पुढचे पाणी त्याला उचलते. पूर्ण भरतीआधीचा त्याच्या हाताशी असलेला हा अर्धा तास मुलींनी वाया घालवायला हवा. होडीच्या वल्ह्यांना खुंटाशी अडकवणाऱ्या दोरीच्या कड्या असतात. त्या संध्याकाळी अर्ध्या कापून ठेवल्या तर ओढायला सुरुवात केल्यावर एकामागून एक तुटतात आणि नव्या बांधण्यात वेळ जातो. काथ्याची दोरी बोथट सुरीने कापताना ती ताणलेली असावी. ढिल्या काथ्यावर सुरी नुसती घासत राहते. आणखी एक गोष्ट: नांगर पडल्यावर तांडेल पहिली आज्ञा देईल ती दोर तोडण्याची. मनगटाएवढा दोर कोयत्याने दहा-बारा घावांत तुटतो. म्हणून चुलीजवळचा कोयता, लाकडे फोडायची कुऱ्हाड, नारळ सोलायचे हत्यार ही सगळी आधीच्या दोन दिवसांत एकेक करून समुद्रात गेलेली हवीत. एकदम गेली तर संशय येतो.

मग ओहोटी. पूर्णगडच्या बाजूला मोठ्या उधाणाचा चढउतार २.४ मीटर धरू. पाणी सगळे तास सारखे उतरत नाही. पहिल्या तासात बाराव्या भागाएवढे, म्हणजे २० सेंटिमीटर. दुसऱ्या तासात ४०, तिसऱ्या-चौथ्यात ६०-६०, मग ४० आणि २०. गलबताच्या पोटाखाली फूटभर पाणी असेल तर ते सव्वा तासात वाळूवर टेकते. मुलींना झुंजायचे आहे ते एवढ्या सव्वा तासापुरते. होडीतले खलाशी पाचच मिनिटांत परततील आणि दुसरा नांगर मागे नेऊन गलबत ओढून काढू पाहतील. लांब वल्ही पाण्यात ढकलून द्यायची, कारण ओहोटी ती बाहेर घेऊन जाते. खणाचे झाकण आतून ओंडक्यांनी आवळायचे आणि आत गप्प बसायचे. मारामारीचे दृश्य हवेच असेल तर या झाकणाभोवती लिहा.

इथे मुली पाण्यात उड्या मारताना दाखवू नका. ओहोटीचा ओढ खाडीच्या मुखाशी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेतो. उडी टाकायचीच तर भरतीच्या सुरुवातीला, परकराचा काचा मारून आणि काखेत दोन सुके असोले नारळ बांधून. कोकणातली पोरे पोहायला शिकतात ती अशीच.

टेकलेले गलबत एका अंगावर कलते. मालाच्या गोणी आणि रिकामी पिंपे खालच्या बाजूला घसरतात, तेव्हा मुलींनी वरच्या अंगाला, वांकांना, म्हणजे गलबताच्या आतल्या लाकडी फासळ्यांना, धरून बसावे. पुढची भरती दुपारी दोनच्या आत-बाहेर, पण ती रात्रीपेक्षा लहान. त्यानंतर भांगाकडे, म्हणजे सर्वांत लहान भरतीकडे जाताना, पाणी रोज कमीच चढत जाते. उधाणाच्या माथ्यावर रुतलेले गलबत पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आसपास, तिथेच अडकू शकते. हे तांडेलाला मुलींइतकेच चांगले ठाऊक असते आणि त्याचा धीर सुटतो तो यामुळे.

पूर्ण ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास. उधाणाच्या ओहोटीला खाडीचा तळ लांबवर उघडा पडतो, आणि अशा सकाळी गावातल्या बायका उजाडताच टोपल्या घेऊन कालवे फोडायला, तिसऱ्या (शिंपले) वेचायला उतरतात. प्रत्येकीच्या हातात कोयती असते. चिखल गुडघाभर, पण पाय कुठे ठेवायचा हे त्यांना माहीत असते आणि गलबतावरच्या परक्या खलाश्यांना नसते. वाळूवर कललेली फतेमारी त्यांना पहिल्यांदा दिसेल, आणि मग आतून फळीवर ठोकल्याचा आवाज ऐकू येईल.